यादीत नसलेलं कारण

९ मार्च

प्रिय आत्या,

अक्षर मोठं काढते आहे, भिंग शोधत बसू नकोस. फोन केला असता तरी तुला ऐकू आलं नसतं, आणि माझा फोन सध्या कपाटात टॉवेलांच्या खाली बंद करून ठेवलेला आहे. का ते सांगते.

एक कंपनी माझं लग्न जुळवायला निघाली आहे. मला न विचारता. परवा लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीसाठी मेण तापवत होते, तेवढ्यात फोन आला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तुमची माहिती वाचली. मलाही शांत स्वभावाची माणसं आवडतात." मी आणि शांत स्वभावाची! मेण जळलं, आजोबांचे दात एक दिवस लांबले. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी आहेच. एक विधुर होता, तो बिचारा निदान रडला तरी. दुसऱ्याला फक्त राहतं घर कोणाच्या नावावर आहे एवढंच हवं होतं.

शेवटी बँकेचे कागद काढून बघितले, तर माझ्या आणि बाबांच्या जॉइंट खात्यातून ही मंडळी महिन्याच्या महिन्याला वर्गणी कापून घेताहेत. मी कुठे नाव नोंदवलं नाही, कशाला हो म्हटलं नाही. त्यांच्या साइटवर गेले तर माझाच चेहरा माझ्याकडे बघून हसतोय. तो फोटो कधी काढला, कोणी काढला, देव जाणे. हा उद्योग आमच्या लॅबमधल्या पॉलिशवाल्याचाच असणार. माझ्या वयावरून त्याचे विनोद चालू असतात. त्याच्याशी मी बोलणं टाकलं आहे.

बरं, बंद करायला गेले. 'सदस्यत्व थांबवा' ही बारीक अक्षरं सापडायलाच संध्याकाळ गेली. ती दाबली की म्हणतात, कारण निवडा. कारणं तीन. लग्न ठरलं. लग्न झालं. सदस्य हयात नाही. संपली यादी. 'मला नको' असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. त्यांच्या ऑफिसात फोन लावला तर बाई अशी गोड, की दात किडावेत. म्हणाली, "मॅडम, निराश होऊ नका." मी ओरडले, "मी निराश नाहीये!" तर म्हणाली, "हेच आम्हाला तुमच्याकडून ऐकायचं होतं." आत्या, हसू नकोस.

बाबांना विचारायची सोय नाही. आमचं तुला ठाऊक आहे. त्या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला मी नाही म्हटलं, तेव्हापासून या घरात दोन माणसं राहतात आणि दोघंही हवेशी बोलतात. "दूध उतू चाललंय," ते खिडकीला सांगतात. "गॅस बंद केला," मी भिंतीला सांगते. जन्मभर दुकानदारांची वजनमापं तपासलेला माणूस. घरातल्या साखरेचा डबासुद्धा तराजूवर ठेवतात. मग खात्यातून इतके महिने पैसे जाताहेत, ते यांच्या नजरेतून कसे सुटले? डोळे अधू झाले असतील.

पैशांचं दुःख आहेच, पण खरं दुखणं वेगळं आहे. उद्या त्यांना कळलं तर त्यांना वाटेल की मीच चोरून नाव घातलं. त्यांना एकदा तोंडावर 'मला लग्न करायचं नाही' म्हणाले, त्याची किंमत आम्ही दोघांनी इतकी वर्षं मोजली, आणि तेच खोटं ठरेल. जगात कुठेतरी मी नवरा शोधत हिंडते आहे, ही गोष्ट मला सहन होत नाही. काहीतरी सुचव.

तुझी
घारी

१५ मार्च

घारे,

पत्र दोनदा वाचलं, एकदा काळजीने आणि एकदा करमणूक म्हणून. रागावू नकोस. इथे माझी करमणूक म्हणजे समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी उमेदीची वर्षं घालवली. दुसऱ्यांचं ऐकून ऐकून कान संपले, पण एक अक्कल आली. जो समोरून फोन ठेवतच नाही त्याच्याशी भांडत बसायचं नाही. त्याला हवं ते एक वाक्य द्यायचं आणि वायर उपसायची. तू 'लग्न ठरलं' यावर बोट ठेव आणि मोकळी हो. खोटं तर खोटं. कोण बघायला येणार आहे? जेवायला बोलवा म्हणून दारात थोडीच उभे राहणार आहेत?

फोटोचंही एवढं मनाला लावून घेऊ नकोस. निळा स्वेटर तुला खुलतो. कपाळ जरा मोठं दिसतं, पण ते आपल्याकडे सगळ्यांचंच तसं आहे.

आणि त्या पॉलिशवाल्याशी बोलायला लाग. पुराव्याशिवाय माणूस तोडायचा नसतो. ही तुमच्या बापलेकीची खोड आहे, एकदा अबोला धरला की धरला.

दादाला मात्र यातलं अक्षर सांगू नकोस. त्याचं ब्लडप्रेशर अजून गोळ्यांवर आहे.

आत्या

२८ मार्च

प्रिय आत्या,

बोट ठेवलं. आणि खड्ड्यात पडले. तुझ्या अकलेला हात जोडले.

आधी स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले. मग अक्षरं आली, 'अभिनंदन! आपले सदस्यत्व आता नवदांपत्य योजनेत बदलण्यात आले आहे.' म्हणजे काय, तर घर कसं सजवावं, रुसवा कसा काढावा, याचे सल्ले महिनाभर. वर्गणी आधीपेक्षा जास्त. ही योजना बंद करायची, तर कारण एकच दिलंय, 'लग्न मोडलं'. आणि त्याच्याखाली लिहिलंय, असं झाल्यास काळजी नको, आपण आपोआप पूर्वीच्या योजनेत परत याल. बघ म्हणजे. पुढे गेलं तरी तेच, मागे आलं तरी तेच.

पण हे काहीच नाही.

सोमवारी लॅबमधून येऊन मी नखांतलं प्लास्टर घासून काढत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात गुलाबी पाकीट. कंपनीने त्यांना पत्र पाठवलं होतं, 'आपल्या कन्येचा विवाह निश्चित झाल्याबद्दल' वगैरे. खातं दोघांचं म्हणून त्यांचा पत्ता मिळाला असणार. मला वाटलं, आता हे खिडकीला काहीतरी जहरी सांगतील. त्यांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अभिनंदन."

नळ तसाच वाहत राहिला. मग म्हणाले, "जेवलीस का?"

इतक्या वर्षांनी मला सरळ प्रश्न, आत्या. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

त्या दिवसापासून हे असंच चाललं आहे. सकाळी चहा करून माझ्यापुढे ठेवतात. संध्याकाळी विचारतात, आज किती दात केलेस. काल एका पुढच्या दाताची छटा जुळवायला मला अख्खी दुपार लागली, तर त्यावर त्यांनी चक्क पाच-सहा प्रश्न विचारले, आणि मी उत्तरं दिली, आणि दोघांचा चहा गार झाला. नाव विचारत नाहीत. कोण आहे, काय करतो, एक शब्द नाही. फक्त बाहेरच्या खोलीतलं मोठं कपाट उघडून आपल्या पितळी वजनांच्या पेट्या एकेक करून बाहेर काढल्या आणि पलंगाखाली सरकवल्या. मी म्हटलं, "हे कशाला?" म्हणाले, "लागेल की जागा."

त्यांनी त्या पेट्या कोणासाठी आजवर हलवल्या नाहीत. आई होती तेव्हा तिच्यासाठीसुद्धा नाही.

आता मी काय करू? खरं सांगितलं तर पुन्हा ती खिडकी आणि ती भिंत. नाही सांगितलं तर नवरा कुठून आणू? रोज घरी येताना जिन्यात ठरवते, आज सांगायचं. आणि लाज वाटते ती याची, की दार उघडल्यावर ते बोलतात ते मला आवडतं.

घारी

३ एप्रिल

घारे,

चुकलंच माझं. वायर उपसायला सांगितली आणि तीच तुझ्या गळ्यात अडकली.

दादाचं पत्र आलं आहे. लिहितो, "घारी अजून नाव सांगत नाही. सांगेल सवडीने. मी विचारणार नाही, मागे फार विचारलं होतं. माणूस चांगलाच असणार. तिची पारख चुकत नाही." हे वाचलं आणि लगेच तुला लिहायला बसले.

तोंडाने काही बोलू नकोस. बँकेत जा. न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले म्हणून तक्रार करता येते, हे माझ्या शेजारणीने केलं होतं. पैशांचा नळ बंद झाला की कंपनी आपोआप तुझं नाव टाकून देईल. मग दादाला हळूच म्हणायचं, जमलं नाही. लग्नं मोडतात. त्यात कोणाचा दोष नसतो.

आत्या

१९ एप्रिल

आत्या,

बँकेतही जाऊन आले.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एक फॉर्म दिला. त्यावर छापलेलं वाक्य असं आहे, 'वरील रक्कम कापून घेण्यास आम्हां खातेदारांपैकी कोणीही संमती दिलेली नाही.' खाली दोघांच्या सह्या. दोघांच्या म्हणजे दोघांच्याच.

मी दोन दिवस फॉर्म पर्समध्ये घेऊन हिंडले. मग धीर करून बाबांपुढे ठेवला. म्हटलं, "बँकेची काहीतरी चूक झालीय, पैसे जास्त गेलेत. इथे सही करा." कंपनीचं नाव मी अगदी बारीक लिहिलं होतं. बाबा कसले, त्यांनी टेबलावरचा दिवा लावला, चष्मा पुसला आणि ते एक वाक्य जवळजवळ तासभर वाचलं. मला आठवलं, मी लहान असताना ते असेच एखाद्या दुकानाच्या तराजूसमोर वाकून उभे राहायचे आणि दुकानदाराला घाम फुटायचा. या वेळी घाम मला.

फॉर्म परत दिला. सहीशिवाय.

"हे मला सही करता येणार नाही."

"का?"

"येणार नाही."

आणि हे ते खिडकीला म्हणाले, आत्या.

झालं. त्यांना कंपनीचं नाव दिसलं असं मी धरून चालले आहे. लग्न ठरलेली मुलगी लग्नाच्या कंपनीवर तक्रार करेल कशाला? मी लग्न मोडते आहे असं त्यांना वाटलं असेल. पुन्हा एकदा. त्यांच्या मनात मी म्हणजे मोडणारी बाईच आहे. तेव्हापासून चहा ठेवतात, पण कप ठेवतात आणि जातात. कपाट अजून रिकामंच आहे. त्याचं दार नीट लागत नाही, येता-जाता उघडं दिसतं.

तिकडे कंपनीची ती गोड बाई आता लॅबच्या नंबरवर फोन करते. समारंभाची तारीख कळवा, जोडीचा फोटो पाठवा, एका महिन्याची वर्गणी माफ. मी तिला म्हटलं, "बाई, मला कोणी नाही." ती म्हणाली, "मॅडम, सुरुवातीला सगळ्यांनाच तसं वाटतं." मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मला काहीही म्हणायची मुभा नाही. हो म्हटलं तरी ते हो, नाही म्हटलं तरी ते हो.

आणखी एक. पॉलिशवाल्याला मी आज सरळच विचारलं. तो बिचारा हातातलं काम ठेवून उभा राहिला. म्हणाला, "ताई, मी चेष्टा करतो, पण तुमचं जन्मसाल मला माहीत नाही." त्याचं खरं आहे. साइटवर माझं जन्मसाल आहे, उंची आहे, रक्तगट आहे. रक्तगट लॅबमध्ये कोणाला ठाऊक असणार? मी त्याची माफी मागितली.

मग घरी आले आणि तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. फोटोत मी निळा स्वेटर घातलाय हे मी तुला लिहिलंच नव्हतं.

आत्या?

घारी

२५ एप्रिल

घारे,

फोटो मी पाठवला. नाव दादाने घातलं.

तू मागे माझ्याकडे राहायला आली होतीस, तेव्हा गच्चीवर शेजारणीने तुझ्या नकळत काढला होता. तू कशावर तरी खो खो हसत होतीस. दादाने पत्र लिहून मागितला. "हसताना असेल असा पाठव, माझ्याकडे नाही," असं लिहिलं होतं. मी काय करणार होते? पाठवला.

तो न्हाणीघरात पडला होता ना, तेव्हाची गोष्ट. तू लॅबमध्ये होतीस. तुला त्याने सांगितलं, पाय घसरला. तो अर्धा दिवस फरशीवर पडून होता, घारे. उठता येईना, हाक मारायला कोणी नाही. तिथे पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं की मी गेल्यावर ही पोरगी अशी पडली तर? त्याने मला लिहिलं, "माझ्यामागे तिच्याशी बोलणारं कोणी नसेल." मी उलट टपाली लिहिलं, "तू असताना तरी कुठे कोण बोलतंय?" त्याचं उत्तर आलं नाही. नंतर फोटो मागणारं पत्र आलं.

पैशांचं म्हणशील, तर त्यात तो साफ फसला. आयुष्यभर वजनांवर शिक्के मारले. शिक्क्याची फी एकदा भरली की पुढच्या तपासणीपर्यंत कोणी मागत नाही, हेच त्याला ठाऊक. ही फीसुद्धा तसलीच समजून त्याने बँकेला हो सांगितलं. दुसऱ्या महिन्यात पैसे गेले तेव्हा चूक त्याच्या लक्षात आली. त्याचे डोळे अधू झालेले नाहीत. पण थांबवायचं तर तुला सांगावं लागणार, आणि तुला सांगायचं तर आधी तुझ्याशी बोलावं लागणार.

मग तुझं 'ठरलं' आलं. त्याला वाटलं, आपण पाठवलेल्यांतलाच कोणी तिला आवडला. पैसे सत्कारणी लागले. आता तू त्याच्यापुढे कागद ठेवलास, 'कोणीही संमती दिलेली नाही'. त्याने दिली होती. म्हणून सही केली नाही. तू मोडणारी आहेस म्हणून नव्हे.

तुला सगळं माहीत असून मी गंमत बघितली असं वाटेल तुला. बघितली नाही. मी घाबरले. दादाने शपथ घातली होती, आणि मला वाटलं होतं की गुपचूप बंद होईल आणि कोणाला काही कळायचं नाही. मला शिव्या दे, पण त्याच्याशी बोल.

आत्या

२ मे

आत्या,

वाचलं. आत्ता मला काही लिहायचं नाही. तुलाही नाही आणि इथेही कोणाशी बोलायचं नाही.

घारी

२७ मे

घारे,

तुझं काही नाही, दादाचंही नाही. दोन्ही तारा एकदम मुक्या झाल्या की आम्ही ऑपरेटर माणूस पाठवायचो बघायला. मला आता जिना उतरवत नाही. एक ओळ तरी लिही. भांडण झालं असेल तर तेच लिही.

आत्या

१८ जून

प्रिय आत्या,

लिहिते. सगळं लिहिते, म्हणून अक्षर लहान झालंय. भिंग घे.

तुझं पत्र आल्यावर मला इतका राग आला की घरात मी पाहुणीसारखी वागत होते. आपलं ताट धुवायचं, खोलीत जायचं, दार लावायचं. मनात सारखं येई, या माणसाने माझा हसतानाचा फोटो बाजारात ठेवला. त्याच्या समोर मी इतकी वर्षं वावरते आहे, तर त्याला मला एकदा विचारता आलं नाही? आणि लगेच ती फरशी डोळ्यांपुढे येई. अर्धा दिवस. मी त्या दिवशी घरी आल्यावर भिंतीला विचारलं होतं, "टॉवेल ओला कसा?" राग धड करता येईना की सोडता येईना.

एका रविवारी खाटखूट ऐकू आली म्हणून बाहेर आले. बाबा न्हाणीघरात स्टुलावर चढून भिंतीत खुंटी ठोकत होते. माझ्या आणि त्यांच्या टॉवेलांच्या शेजारी तिसरी. पडून दुखावलेल्या हातानेच हातोडी मारत होते. मला ते बघवेना.

म्हटलं, "बाबा, उतरा. कोणी येणार नाहीये."

ते तसेच उभे. "मोडलं?"

"नव्हतंच."

ते खाली उतरले. हातोडी स्टुलावर ठेवली. हात पुसले, एकदा पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाले, "नाव मी घातलं होतं."

"माहीत आहे."

"तिने सांगितलं?"

"तिने सांगितलं."

मग माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं तुला लिहीत नाही. एवढं म्हटलं, की एखाद्याच्या वजनात चिमूटभर कमी निघालं तर तुम्ही त्याच्या दुकानाला टाळं लावत होता, आणि माझ्या बाबतीत मला एकदा विचारायचंसुद्धा मनात आलं नाही. बाबा शेवटी म्हणाले, "हो. चूक आहे." आणि थोड्या वेळाने, "मग ते ठरल्याचं तू का दाबलंस?" मला सांगावं लागलं की तुझी अक्कल. तर हसले, आत्या. त्यांना हसताना बघून माझा राग आणखी वाढला, आणि मग गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेलो. बाबांनी काउंटरवर सरळ सांगितलं, "संमती माझी होती. ती मला आता काढून घ्यायची आहे." ती मुलगी बिचारी हळहळली. एका खातेदाराने हो म्हटलं होतं म्हणजे तक्रार रद्द. पुढची कपात थांबवायची, तर आधी कंपनीकडून सदस्यत्व संपल्याचं पत्र आणा. खातं बंद करायचं, तर बाबांचं पेन्शन त्यातच येतं, ते हलवायला किती महिने लागतील ते कोणी सांगेना. म्हणजे परत त्या तीन कारणांशी येऊन उभे. आणि त्या गोड बाईला फोन केला तर कळलं की नाव पालकाने घातलंय, म्हणून कायमचं बंद करायचं कारणही पालकानेच द्यायचं.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्या गोड बाईने सांगितल्याप्रमाणे आधी 'लग्न मोडलं' दाबलं, मागे आलो, आणि यादी उघडली. बाबा चष्मा लावून समोर बसले. मी म्हटलं, "कोणतंही दाबा. 'झालं' दाबा, नाहीतर 'हयात नाही' दाबा, पण सोडवा."

ते म्हणाले, "तू मेलीस असं मी लिहून देऊ?"

"मग लग्न झालं म्हणून द्या."

"झालेलं नाही." त्यांनी ती तीन कारणं पुन्हा वाचली, जणू चौथं कुठेतरी मागे लपलेलं असेल. "यातलं एकही खरं नाही."

"बाबा, खरं-खोटं बघतंय कोण तिथे? ते मशीन आहे!"

"सही माझी आहे ना."

मी डोकं टेबलावर टेकलं. मला वाटलं, आता जन्मभर हेच. हा माणूस खोटं लिहिणार नाही आणि ती कंपनी खरं घेणार नाही, आणि मी या दोघांच्या मध्ये नवरी होऊन बसणार. खरं सांगते, त्या क्षणी मला घर सोडून जावंसं वाटलं. पण जाणार कुठे? नाव तर तिथे राहणारच होतं.

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. ड्रॉवरमधून कोरा कागद आणला, पेन आणलं. वर कंपनीचा पत्ता लिहिला. 'विषय : सदस्यत्व बंद करणेबाबत.' तुला त्यांचं अक्षर माहीत आहे, प्रत्येक रेघ मोजून. मग पेन थांबलं.

म्हणाले, "कारण तू सांग."

"काय सांगू?"

"जे असेल ते. मी कधी विचारलं नाही. तेव्हा नुसतं का नाही, का नाही म्हणून ओरडत होतो. ते विचारणं नव्हे."

आत्या, इतकी वर्षं माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं, आणि वेळ आली तर मला वाक्य सापडेना. मग जसं आलं तसं सांगितलं. कोणी मला फसवलं नाही, कोणाची मी वाट बघत नाही. तो इंजिनिअर वाईट नव्हता. मला संध्याकाळी दार उघडून आपल्या खोलीत शिरायला आवडतं. दिवसभर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन दमते, मग मला शांतता लागते, आणि त्या शांततेत मला काही कमी आहे असं वाटत नाही. तुम्ही बोलत नव्हता तेव्हा मात्र वाटायचं. ते लग्नाने भरलं नसतं.

ते ऐकत होते. खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. मग वाकून लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, खणखणीत, ऑफिसात पंचनामा वाचावा तसं. "माझ्या मुलीला तूर्त लग्न करायचे नाही. सबब तिचे नाव काढून टाकावे."

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "'तूर्त' काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या तोंडावर ते म्हातारपण दिसलं, जे मी भिंतीकडे बघून बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, आणि सरकारी कागदावर खोडलं की करतात तशी शेजारी छोटी सही केली. खाली मोठी सही. पाकीट बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन रजिस्टर करून आले.

कंपनीचं उत्तर आलं. आपण दिलेलं कारण आमच्या यादीत नाही, तरी कृपया दिलेल्या पर्यायांतून निवड करावी. या महिन्याची वर्गणीही कापली गेली. म्हणजे मी अजून तिथेच आहे, निळा स्वेटर घालून, शांत स्वभावाची, हसते आहे. पेन्शन दुसऱ्या खात्यात हलवायचा अर्ज टाकलाय, त्याचं काय होतंय बघू. कालच एका गृहस्थांचा फोन आला. मी बाबांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, "तिला लग्न करायचं नाही. हो, मी वडील. हो, नक्की," आणि ठेवून दिला.

आज सकाळी मी लॅबला निघाले होते. बाबा टेबलाशी बसून त्याच कंपनीला नवीन पत्र लिहीत होते. मला थांबवलं आणि कागद पुढे केला, "वाचून बघ."

मी वाचलं. या वेळी खोडाखोड कुठेच नव्हती.

घारी